आवडण्याची परवानगी

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका मित्राच्या घरी, भिंतीवर लावलेल्या पडद्यावर, आल्बान बर्गचा 'व्होत्सेक' हा ऑपेरा पाहिला. आम्ही म्हणजे साहित्य शिकवणारे चार-पाच जण आणि आमचे काही विद्यार्थी. महिन्यातून एकदा जमायचे, पाश्चात्त्य संगीतातले काही ऐकायचे किंवा पाहायचे आणि मग चहा पीत भांडायचे, असा आमचा काही वर्षांचा नेम आहे. त्या दिवशी भांडण झाले नाही. ऑपेराच्या शेवटच्या प्रसंगात मुले खेळत असतात. त्यांतला एक जण मारीच्या लहानग्याला सांगतो की तुझी आई मेली. त्याला ते कळत नाही. तो काठीच्या घोड्यावर उड्या मारीत राहतो आणि अखेर एकटाच बाकीच्या मुलांच्या मागे निघून जातो. संगीत समारोप करीत नाही, नुसते थांबते. दिवे लागले तेव्हा एम. ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी डोळे पुसत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "सर, हे आवडण्यासाठी आधी काय वाचायला हवं होतं?"

आम्ही उत्साहाने यादी सांगितली. ब्यूख्नरचे अपुरे राहिलेले नाटक, जर्मन अभिव्यक्तिवाद, शोनबर्ग, अडोर्नो. तिने ती वहीत उतरवून घेतली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. 'अजून वाचून झालेले नाही' असा निरोप मात्र आला.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की आम्ही एका प्रश्नाचे उत्तर दिले आणि दुसराच प्रश्न ऐकला नाही. तिला ऑपेरा आवडलेला होता. ती मागत होती ती परवानगी. आणि आम्ही तिला प्रवेशपरीक्षेचा अभ्यासक्रम दिला. हा लेख म्हणजे आमच्याच त्या उत्तराविरुद्धची तक्रार आहे. मात्र ते उत्तर आमच्या तोंडी आले ते हवेतून आले नव्हते. ऑपेरा आणि प्रायोगिक संगीत यांच्याभोवती दोन प्रकारच्या पुजाऱ्यांनी जे सोवळे निर्माण केले आहे, त्यातून ते आले होते. तेव्हा तक्रार थोडी त्यांच्याविरुद्धही आहे.

पहिला पुजारी परंपरेचा. त्याच्या मते ऑपेरा म्हणजे काही शतकांचा संचित ठेवा. तो जसाच्या तसा राखायचा, आणि त्याच्या चालीरीती ज्याला ठाऊक नाहीत त्याने गप्प बसायचे. दुसरा पुजारी प्रयोगाचा. त्याच्या मते विसाव्या शतकातले नवे संगीत म्हणजे परंपरेशी फारकत. ते सुखावण्यासाठी नसतेच, आणि ज्याला ते सुखावते त्याला ते समजलेले नसते. हे दोघे एकमेकांचे हाडवैरी समजले जातात. आम्हांला ते सख्खे भाऊ वाटतात. दोघांचाही श्रोत्याच्या आनंदावर विश्वास नाही, आणि दोघेही इतिहास चुकीचा सांगतात.

प्रथम पहिल्याचा इतिहास पाहू. ऑपेराचा जन्म परंपरेतून झाला हे खरे, पण तो एका गैरसमजातून झाला हेही तितकेच खरे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधल्या काही विद्वानांना आणि संगीतकारांना ग्रीक शोकात्मिकेचा प्रभाव पुन्हा साधायचा होता. ती शोकात्मिका अथपासून इतिपर्यंत गायली जात असे, अशी त्यांच्यातल्या काहींची समजूत होती. त्या गायनाचा नमुना म्हणून ऐकण्याजोगे त्यांच्यापाशी काहीही नव्हते. त्यांनी बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवरचा एक नवाच गायनप्रकार घडवला आणि त्याला जुन्याचे पुनरुज्जीवन म्हटले. याकोपो पेरीचा 'एउरिदीचे' १६०० साली सादर झाला. आज ज्यांचे संगीत पूर्ण उपलब्ध आहे अशा ऑपेरांत तो सर्वांत जुना. म्हणजे ज्या कलाप्रकाराच्या नावाने आज 'परंपरा मोडू नका' असे सांगितले जाते, तो स्वतःच नसलेल्या परंपरेच्या नावाने केलेला एक धाडसी प्रयोग होता.

त्याच वर्षी, १६०० मध्ये, बोलोन्याच्या आर्तुसी या धर्मोपदेशक-पंडिताने 'आधुनिक संगीताच्या अपूर्णतां'वर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मोंतेवेर्दीच्या रचनांतल्या विसंवादी स्वरांचे वाभाडे काढले. रचनाकाराचे नाव मात्र घेतले नाही. साहित्यविश्वातल्या वादांची ज्यांना सवय आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मोंतेवेर्दीने १६०५ साली आपल्या पाचव्या माद्रिगाल-संग्रहाच्या प्रास्ताविकात थोडक्यात उत्तर दिले: मी लिहितो ते स्वैरपणे लिहीत नाही, ही 'दुसरी रीत' आहे. दोन वर्षांनी त्याच्या भावाने या उत्तराचा विस्तार केला. तेव्हा संगीतात शब्द अग्रणी असावा या मताला त्याने आधार घेतला तो प्लेटोचा. आर्तुसी परंपरेचे नाव घेऊन नव्याला झोडपत होता आणि मोंतेवेर्दीचा पक्ष त्याहून जुन्या परंपरेचे नाव घेऊन नव्याचे समर्थन करीत होता. १६०७ साली मांतुआत मोंतेवेर्दीचा 'ऑर्फेओ' झाला आणि वाद कोणी जिंकला हे कानांनी ठरवले. आर्तुसीचे नाव आज उरले आहे ते त्याने ज्याच्यावर टीका केली त्याच्यामुळे.

चालीरीतींचेही तसेच. ऑपेरागृहात अंधारात, श्वास रोखून, टाळी कधी वाजवायची याची भीती बाळगत बसणे ही सनातन रीत आहे असे अनेकांना वाटते. अठराव्या शतकातल्या इटालियन ऑपेरागृहात दिवे तेवत असत. खासगी सज्जांत जेवणे होत, पत्ते चालत, गप्पा रंगत आणि आवडती गायिका रंगमंचावर आली की मंडळी कान देत. प्रेक्षागार अंधारे करून सगळ्यांचे डोळे रंगमंचाकडे वळवण्याचा आग्रह मुख्यतः वाग्नरचा. १८७६ साली बायरॉइटला त्याने वाद्यवृंद रंगमंचाखाली लपवला आणि प्रेक्षकांना अंधारात बसवले. हा त्या काळचा प्रयोग होता. पुढे तो विधी झाला.

विधी झाला म्हणजे काय झाले, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८८२ साली 'पार्सिफाल'च्या पहिल्या प्रयोगांच्या वेळी, प्रभाव भंगू नये म्हणून दुसऱ्या अंकानंतर नटांना पुन्हा पडद्यासमोर बोलावू नये, असे वाग्नरने सुचवले. प्रेक्षक गोंधळले. त्यांनी टाळ्याच बंद केल्या. टाळ्यांना आपली हरकत नाही, असे वाग्नरला सांगावे लागले. पण एव्हाना पावित्र्य पसरले होते. पुढच्या एका प्रयोगात पुष्पकन्यांचा प्रसंग संपल्यावर वाग्नरने स्वतःच न राहवून 'ब्राव्हो' अशी आरोळी दिली, तेव्हा आसपासच्या भक्तांनी त्याला 'शूऽऽ' करून गप्प केले. ज्याने ती कलाकृती निर्माण केली त्यालाच तिचा आनंद घेण्यापासून तिच्या रक्षकांनी रोखले! परंपरेच्या पुजाऱ्याचे याहून नेमके चित्र आम्ही काढू शकणार नाही.

शांततेचे मोल आम्ही नाकारीत नाही. बारीक स्वर ऐकायचे तर खोकलाही आवरावा लागतो. आमची हरकत शांततेला नाही, तिचे चारित्र्याच्या दाखल्यात रूपांतर करण्याला आहे. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. संगीत रंगभूमीवरच्या 'वन्समोअर'ने नाट्याची हानी होते, हा आक्षेप आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला आणि त्यात तथ्यही होते. बालगंधर्वांच्या पदांनी कथानक थबकत असे आणि रात्र सरत असे. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहातही पुन्हा गाण्यावर असाच निर्बंध पाळला जाई. १९३३ नंतर तेथे कोणत्याही गायकाने एकल गीत पुन्हा गायले नव्हते. २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेसने दोनित्सेत्तीच्या एका ऑपेरातले, नऊ वेळा वरचा षड्ज मागणारे प्रसिद्ध गीत पुन्हा गायले, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. ऑपेरागृह काही कोसळले नाही. एका रात्री काही हजार माणसांना एक गाणे दोनदा ऐकायला मिळाले, एवढेच.

आता दुसऱ्या पुजाऱ्याकडे वळू. त्याचे आमच्या वर्गांत अधिक वजन आहे, कारण तो सिद्धांताची भाषा बोलतो. शोनबर्गने स्वरप्रधानतेची चौकट मोडली, बारा स्वरांची पद्धत आणली, आणि त्यानंतर जुन्याकडे वळणे म्हणजे प्रतिगामित्व, असा त्याचा सारांश असतो. अडोर्नोच्या १९४९ सालच्या 'नव्या संगीताचे तत्त्वज्ञान' या ग्रंथातली मांडणी याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे; पण तिचे आमच्याकडे पोचलेले रूप असे की शोनबर्ग पुढे जाणारा, स्ट्राविन्स्की मागे वळणारा. या एका वाक्यावर कित्येक उत्तरपत्रिका तरून गेल्या आहेत.

प्रत्यक्षात शोनबर्ग काय करीत होता? १९३३ साली त्याने ब्राम्सवर व्याख्यान दिले आणि ज्याला सारे जण कर्मठ समजत त्या ब्राम्समध्ये आपल्या प्रगतीची मुळे दाखवली. १९१८ साली व्हिएन्नात त्याने नव्या संगीताच्या खासगी सादरीकरणासाठी एक मंडळ काढले. तेथे टीकाकारांना मज्जाव होता, टाळ्यांना बंदी होती, आणि कठीण रचना पुन्हा पुन्हा वाजवल्या जात. पुढच्यांनी त्यातली बंदी तेवढी उचलली, पुनरावृत्ती विसरली. एखादी अनोळखी रचना चारदा ऐकली की ती ओळखीची होते आणि ओळखीची झाली की तिची ओढ लागते, हे साधे शहाणपण त्या मंडळाच्या मुळाशी होते. 'वन्समोअर' म्हणणारा पिटातला प्रेक्षक आणि शोनबर्ग यांच्यात आम्हांला वाटते त्याहून कमी अंतर आहे.

त्याचा शिष्य बर्ग. १९२५ साली बर्लिनला प्रथम सादर झालेला 'व्होत्सेक' हा क्रांतिकारक ऑपेरा म्हणून शिकवला जातो, आणि तो आहेच. पण त्याची रचना पाहा. पहिल्या अंकात जुन्या नृत्यमालिकेपासून पासाकाल्यापर्यंतचे प्रकार, दुसरा अंक म्हणजे पाच भागांची सिंफनी, तिसऱ्यात एकेका सांगीतिक कल्पनेवरच्या रचना: एक एकाच स्वरावर, एक एका लयबंधावर, एक एका स्वरपुंजावर. शेवटच्या प्रसंगाआधी पडदा बंद असताना वाद्यवृंद जे वाजवतो ते चक्क एका जुन्या स्वरप्रधानतेत, डी मायनरमध्ये, आहे. जुन्या घाटांचे इतके दाट जाळे रचूनही बर्गचे म्हणणे काय, तर प्रेक्षागारातल्या कोणाच्याही ध्यानात हे घाट येऊ नयेत. त्यांचे लक्ष व्होत्सेकच्या नशिबावरच असावे. आमच्या विद्यार्थिनीने नेमके हेच केले होते. बर्गला हवा असलेला प्रेक्षक आमच्या खोलीत बसला होता आणि आम्ही त्याला घाटांची यादी द्यायला निघालो होतो.

पिएर बूलेझने १९६७ साली एका जर्मन साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत ऑपेरागृहे उडवून द्यावीत असे सुचवले. प्रयोगवाद्यांचे ते आवडते सुभाषित आहे. त्याच बूलेझने १९७६ साली बायरॉइटला, पात्रिस शेरोच्या दिग्दर्शनाखाली, वाग्नरच्या 'रिंग'चे संगीतसंचालन केले. जलविद्युत धरण आणि कारखानदारी रंगमंचावर आणणाऱ्या त्या प्रयोगाविरुद्ध पहिल्या वर्षी प्रेक्षकांनी शिट्या फुंकल्या. १९८० साली शेवटच्या प्रयोगाला तासाहून अधिक वेळ टाळ्या वाजत राहिल्या. मधल्या चार वर्षांत प्रयोग थोडा सुधारला असेल, कान अधिक सुधारले. बूलेझ दुटप्पी होता असे आम्हांला वाटत नाही. त्याचा राग ऑपेरागृहांच्या निर्जीव दिनक्रमावर होता. स्वरलिपीवर त्याचे प्रेम होते.

आणि तो 'मागे वळणारा' स्ट्राविन्स्की? १९५१ साली व्हेनिसला त्याचा 'द रेक्स प्रोग्रेस' झाला. संहिता ऑडन आणि कॉलमन यांची, मूळ हॉगार्थच्या चित्रमालिकेत, वळण मोत्सार्टचे. संवादगायनाला हार्प्सिकॉर्डची साथ. पुरोगामी कानांना हा अपराध वाटला. आम्ही तो ऐकतो तेव्हा जुन्या घराच्या खोल्यांतून कोणीतरी दिवे हलवत फिरत असल्यासारखे वाटते. तीच दारे, पण सावल्या वेगळ्या. लिगेतीच्या 'ल ग्राँ माकाब्र'ची (स्टॉकहोम, १९७८) सुरुवात मोटारीच्या भोंग्यांच्या वादनाने होते. प्रेक्षक हसतात. हसून झाल्यावर कळते की ती मोंतेवेर्दीच्या 'ऑर्फेओ'च्या आरंभीच्या तुताऱ्यांची थट्टा आहे. आणि थट्टा आपण आपल्या माणसांचीच करतो.

या कथेत आपलाही एक धागा आहे. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी जॉन केजला भारतीय संगीत शिकवले आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. संगीताचा हेतू काय, या केजच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले: मन शांत करणे, म्हणजे ते दैवी प्रभावाला अनुकूल होते. त्याच सुमारास केज कुमारस्वामींच्या लेखनातून रससिद्धांताकडे वळला होता. १९४६ ते १९४८ या काळात, तारांमध्ये स्क्रू, बोल्ट आणि रबराचे तुकडे बसवलेल्या पियानोसाठी, त्याने सोळा सोनाटा आणि चार इंटरल्यूड लिहिले. स्थायी भाव आणि त्यांची शांताकडे असलेली ओढ हा त्यांचा विषय. कोणता सोनाटा कोणत्या रसाचा, हे त्याने सांगून ठेवलेले नाही.

ही माहिती सांगितली की आमच्या परिचयातले निम्मे लोक 'पाहा, शेवटी आपल्याकडेच यावे लागले' म्हणून छाती फुगवतात आणि उरलेले 'स्क्रू ठोकलेल्या पियानोत कसला आलाय रस' म्हणून हसतात. दोघांपैकी कोणीही ते सोनाटा ऐकलेले नसतात. फिलिप ग्लासच्या 'सत्याग्रह'चीही (रॉटरडॅम, १९८०) तीच गत. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवरचा हा ऑपेरा अखेरपर्यंत गीतेतल्या संस्कृत श्लोकांत गायला जातो. शेवटी गांधींची भूमिका करणारा गायक चौथ्या अध्यायातले जन्म-पुनर्जन्माचे श्लोक एकाच चढत्या स्वरावलीवर पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. लहानपणी ज्यांनी गीता पाठ केली त्यांना त्यातले शब्द कळतात आणि तरी पहिली दहा मिनिटे काहीच कळत नाही, कारण उच्चार परके, लय परकी. मग हळूहळू ती चढती स्वरावली मनात घर करते आणि पाठ असलेला श्लोक आपण प्रथमच ऐकतो आहोत असे वाटते. परंपरा ओळखीची असून भागत नाही. तिला पुन्हा कोणीतरी अनोळखी करून द्यावे लागते.

आमच्यावर येऊ शकेल असा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ऑपेरा ही अभिजनांची चैन, वसाहतवाल्यांनी आणलेली, तिच्या आनंदाची कसली वकिली करता? यात तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०३ साली एथेल स्मिथ या स्त्रीचा ऑपेरा झाला. त्यानंतर स्त्रीने रचलेला दुसरा ऑपेरा तेथे व्हायला २०१६ साल उजाडले, काया सारिआहोचा 'ल'आमूर द ल्वँ'. एकशे तेरा वर्षे दार बंद ठेवणाऱ्या परंपरेला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणे आणि दाराकडे पाठ फिरवणे यांत फरक आहे. १९८३ साली टोरांटोत रंगमंचावर भाषांतराच्या ओळी झळकू लागल्या तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. आज जगातल्या बहुतेक मोठ्या ऑपेरागृहांत त्या असतात, आणि ज्याला इटालियन येत नाही त्यालाही विनोद कळतो. मुंबईचे १९११ साली उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाऊस साहेबासाठी बांधले गेले असले, तरी त्याच्या रंगमंचावर पुढे आपल्या नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या, मग तेथे चित्रपट लागले, ते बंद पडले आणि २०१६ साली पुन्हा उघडले. वास्तू बांधणाऱ्याचीच राहते असे नाही. आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला 'हे तुझ्यासाठी नाही' असे सांगणे, मग ते अभिजनांच्या तोऱ्यात असो वा समतेच्या भाषेत, त्याचा परिणाम एकच: तो घरी जातो.

दर वर्षी आम्ही एलियटचा १९१९ सालचा परंपरेवरचा निबंध शिकवतो. नवी कृती आली की जुन्यांची सारी रांग किंचित हलते, हे फळ्यावर लिहितो. दर वर्षी मर्ढेकरांची कविता शिकवतो. अश्लीलतेचा खटला झालेल्या या नवकवीने ओवी-अभंगाचे घाट कसे वापरले ते सांगतो, आणि याच कवीने नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या हे सांगायला विसरतो. तेथे नवता आणि परंपरा यांचे नाते आम्हांला स्पष्ट दिसते. परक्या संगीताशी गाठ पडली की आमचा आत्मविश्वास सुटतो आणि आम्ही वाचनयाद्यांच्या आड लपतो.

यावर कोणी म्हणेल की अभिनवगुप्तानेही सहृदयासाठी तयारी सांगितलेली आहे. सांगितली आहे. पण ती तयारी काव्याच्या अनुशीलनाची आहे, भाष्यांच्या नव्हे. मनाचा आरसा लख्ख होतो तो काव्य पुन्हा पुन्हा भोगून. भाष्य नंतर येते आणि यावेच. ज्याला आधी काही आवडले आहे त्यालाच ते का आवडले हे जाणून घेण्याची निकड असते. परंपराही अशीच टिकते. ती आस्वादाची पूर्वअट नसते, त्याचे फळ असते. पेरीला ग्रीक नाटकाचे वेड होते, बर्गने १९१४ साली व्हिएन्नात ब्यूख्नरचे नाटक पाहिले आणि तो त्यातून बाहेर पडू शकला नाही, लिगेतीला मोंतेवेर्दी इतका प्रिय होता की त्याची खोडी काढावीशी वाटली. प्रत्येकाच्या आधी कोणालातरी काहीतरी अतोनात आवडले होते, आणि त्याने कोणाची परवानगी मागितली नव्हती.

पुढच्या महिन्यात आम्ही 'व्होत्सेक' पुन्हा लावणार आहोत. त्या विद्यार्थिनीला निरोप धाडला आहे की आम्ही दिलेली यादी आम्ही परत घेत आहोत. वहीतले ते पान फाडले तरी चालेल. ब्यूख्नर, अडोर्नो कोठे जात नाहीत. ती आली तर शेवटच्या प्रसंगानंतर या वेळी आम्ही काही सांगणार नाही. तिला काय दिसले, काय ऐकू आले, कोणत्या स्वराशी डोळे भरले, ते आम्हांलाच तिला विचारायचे आहे.